आधी हब ठरवा, मग चाकं: घरी गाडी बांधणाऱ्यांसाठी तयारीची यादी

घरी बांधायच्या स्पोर्ट्स कारसाठी अलॉय (मिश्रधातूची चाकं) बघत फिरण्याआधी हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला फिरणारा भाग, कुठल्या गाडीचा वापरणार, ते पक्कं करा. चाकांची दुकानं ठाण्यातही आहेत, वाशी-तुर्भ्यातही. आवडलेलं डिझाइन पुढेही मिळेल. हबला मात्र बेअरिंग, ब्रेक डिस्क, ड्राइव्हशाफ्ट हे सगळंच बांधलेलं असतं. तो ठरला की पीसीडी, म्हणजे बोल्टच्या वर्तुळाचा व्यास, आपोआप ठरतो.

माझा कौल ४×१०० ला, म्हणजे चार बोल्ट आणि १०० मिमी पीसीडी. हलक्या गाडीला चार नट पुरतात, आणि स्विफ्ट, आय२०, होंडा सिटी या सगळ्या त्याच मापाच्या असल्यामुळे चाक, डिस्क, बेअरिंग केव्हाही मिळतं. पण पीसीडी जुळला म्हणजे सगळं जुळलं असं धरू नका. स्विफ्टच्या हबचं मधलं भोक ५४.१ मिमी, सिटीचं ५६.१. सिटीचं चाक स्विफ्टच्या हबवर चढतं, पण भोवती एक-एक मिलिमीटर मोकळं राहतं. तिथे ही फट भरणारी हब रिंग घालायलाच हवी. नटही वेगळे: स्विफ्टचा आटा १२×१.२५ (जाडी आणि दोन आट्यांमधलं अंतर, मिमीमध्ये), सिटीचा १२×१.५.

जुना हब घ्यायला कुर्ल्याला जाणार असाल तर व्हर्नियर (बारीक माप घेणारं साधन) सोबत ठेवा आणि विकणाऱ्याच्या शब्दावर न जाता स्वतः मोजा. चार स्टड (हबमधून बाहेर आलेले, नट बसवायचे आटेदार दांडे) असतील तर एकाच्या बाहेरच्या कडेपासून समोरच्याच्या आतल्या कडेपर्यंत माप घ्या, तोच पीसीडी. पाच असतील तर शेजारच्या दोन स्टडच्या केंद्रांमधलं अंतर १.७०१ नं गुणा. ५×११२ मध्ये हे अंतर ६५.८ येतं, ५×११४.३ मध्ये ६७.२; टेपनं हा फरक कळणार नाही. सगळ्यात फसवं माप जुन्या फियाट पालिओचं, ४×९८. ते चाक ४×१०० च्या हबवर सरकतं, नटही फिरतात, पण प्रत्येक स्टड एक मिलिमीटर बाजूला ओढला जातो आणि नट भोकाच्या एकाच कडेवर टेकतो. घोडबंदर रोडचे खड्डे अशा स्टडला फार दिवस टिकू देणार नाहीत.

इंजिन मागे घेऊन स्विफ्टचे पुढचे नकल (हब आणि बेअरिंग धरून ठेवणारे भाग) चारही कोपऱ्यांत लावायचे असतील, तर एक गोष्ट यादीत ठळक लिहा. ज्या चाकांना ड्राइव्ह नाही, तिथेही बाहेरच्या सीव्ही जॉइंटचा (ड्राइव्हशाफ्टच्या चाकाकडच्या सांध्याचा) दांडा हवाच. बेअरिंगला दाबून धरतो तो हाच दांडा आणि त्याचा मोठा नट. तो नसेल तर बेअरिंग सुटतं आणि चाक हातात येतं.

वागळे इस्टेट किंवा रबाळेच्या लेथवर जुन्या हबला नवी भोकं पाडून घेण्याच्या भानगडीत पडू नका. दोन भोकांमध्ये पुरेसा धातू उरेलच असं नाही. पीसीडी बदलणारे अ‍ॅडॅप्टरही मी सुचवणार नाही, ते चाक बाहेर ढकलतात आणि बेअरिंगवरचा भार वाढतो. पुढे-मागे एकच पीसीडी ठेवा, म्हणजे एकच स्टेपनी चालेल.

गाडी ट्रॅकवरच पळवायची की रस्त्यावर, हेही कामाला हात घालण्याआधी ठरवा. रस्त्यावर पळवायची तर कायदा आडवा येतो: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणी झालेल्या गाडीत उत्पादकाच्या तपशिलाबाहेर बदल करू देत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते स्पष्ट केलं आहे.

शेवटी नट. चाकाची बैठक, म्हणजे नट टेकतो ती जागा, तिरकी की गोल, ते बघून नट घ्या. होंडाच्या मूळ चाकांची गोल असते, बाहेरच्या अलॉयची बहुधा ६० अंशांची तिरकी. १२×१.५ चा नट किमान आठ पूर्ण फेरे, १२×१.२५ चा दहा फेरे हातानं फिरला पाहिजे. मग टॉर्क रेंचनं (ठरावीक जोरानं नट आवळणाऱ्या पान्यानं), समोरासमोरचे नट धरून, मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळा. सिटीला तो १०८ न्यूटन-मीटर आहे. पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरनंतर चाकं थंड असताना पुन्हा तपासा.