भिगवणला कयाक घेऊन पक्ष्यांचे फोटो काढायचे असतील तर

आधी जागेचं बोलू. पुण्यात नदीवरचे पक्षी म्हटलं की सगळ्यांना कवडीपाट आठवतं आणि पक्षी तिथे भरपूर आहेतच, चक्रवाक, शेकाट्या, नदी सुरय, पण ते पाणी म्हणजे अख्ख्या शहराचं सांडपाणी पोटात घेतलेली मुळा-मुठा, वर फेस तरंगत असतो, तिथे काठावरूनच बघा, कयाक (वल्ह्याने चालवायची छोटी अरुंद होडी) टाकायचा विचारही नको. खडकवासल्याला पाणी चांगलं पण ते आपल्याच नळाला येतं आणि मनाईचे बोर्ड लावलेत ते काही शोभेला नाहीत. म्हणून भिगवण. भीमेवरचं उजनी धरण तिकडे टेंभुर्णीजवळ, पण त्याचा फुगवटा थेट इकडे दौंड-इंदापूरच्या बाजूला येतो, आणि सोलापूर हायवेने पुण्यापासून साधारण शंभर किलोमीटरवर तुम्ही डिकसळ-कुंभारगावच्या काठाला असता.

डिसेंबर ते मार्च बेस्ट. पावसाळ्यानंतर धरण काठोकाठ असतं, मग जसजसं पाणी उतरतं तसा उथळ चिखल उघडा पडतो आणि रोहितांना म्हणजे फ्लेमिंगोंना तोच हवा असतो. चार-सव्वाचारला हडपसर सोडा, उजाडायच्या आत काठावर पोचायचं. दहा-अकरानंतर वारं सुटलं की एवढ्या मोठ्या पाण्यावर लाटा उठतात, तेव्हा परतीचं वल्हवणं नको होतं, त्यामुळे खरा खेळ सकाळचाच.

पोचल्यावर लगेच पाण्यात घुसू नका. काठावर मच्छीमार असतातच, त्यांच्याशी बोला, "दादा, जाळी कुठं लावलीयेत?" एवढं विचारलं तरी निम्मं काम होतं. तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या बाटल्या दिसल्या की खाली जाळं आहे समजायचं आणि लांबून वळसा घालायचा, त्यांचं पोट आहे त्याच्यावर. पहिल्यांदा जात असाल तर एखाद्या दादांना पैसे देऊन त्यांची होडी बरोबर ठेवा. या पाण्याखाली गावं गेलीयेत, पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात वर येतं ते तुम्ही ऐकलं असेलच, तशी जोती आणि झाडांचे बुंधे पाण्याच्या जरा खालीच असू शकतात आणि ते त्यांना पाठ असतं. हवा भरायची कयाक असेल तर अजून एक, काठावर वेड्या बाभळीचे काटे पडलेले असतात, कयाक ओढत नेऊ नका, उचलून न्या आणि पंक्चर किट जवळ ठेवा. लाईफ जॅकेट अंगात घालायचं, पायाशी ठेवायचं नाही, पोहता येत असलं तरी.

आता मुख्य गोष्ट. कयाकमध्ये एका वेळी एकच काम होतं, वल्हं नाहीतर कॅमेरा. लोक पक्ष्याच्या अंगावर जोरात वल्हवत जातात आणि मग घाईघाईत कॅमेरा काढतात, तोवर पक्षी उडालेला. त्यापेक्षा बऱ्याच लांबूनच वल्हवणं थांबवा, वल्हं दोरीने कयाकला बांधलेलं असू द्या, ड्रायबॅगमधून (पाणी आत न जाणाऱ्या पिशवीतून) कॅमेरा काढा, पट्टा गळ्यात, आणि वाऱ्याने कयाक आपोआप सरकू द्या, तीही सरळ पक्ष्यावर नाही, तिरकी, त्याच्या बाजूने निघून जाईल अशी. ऊन पाठीवर हवं म्हणून सकाळी पक्ष्यांच्या पूर्वेला रहा. वाराही पाठीवर असला तर मजाच, कारण पक्षी वाऱ्याला तोंड करून उडतात, म्हणजे उडाले तरी तुमच्याकडेच तोंड.

आणि उडवायचं नाहीच आहे. रोहित खाता खाता माना वर करून एका दिशेला चालायला लागले की समजा तुम्ही जास्त जवळ आलात, तिथेच थांबा किंवा मागे फिरा. काही मोटारबोटवाले फ्लाईट शॉटसाठी थव्यात बोट घुसवतात आणि गिऱ्हाईकंही खूश होऊन टिप देतात, डोक्यात जातं ते. मार्चपासून पुढे वाळूच्या बेटांवर पाय ठेवू नका, सुरय तिथे उघड्यावरच अंडी घालतात आणि ती वाळूत दिसतसुद्धा नाहीत.

कयाकचा फायदा काय तर कॅमेरा पाण्यापासून जेमतेम दोन-अडीच फुटांवर येतो, पक्षी डोळ्याच्या रेषेत, मागचं सगळं मऊ. चित्रबलाक म्हणजे पेंटेड स्टॉर्क अशा वेळी बघत बसावा, चोच अर्धी उघडी ठेवून पाण्यात घालतो, डावी-उजवीकडे फिरवत राहतो, पायाने चिखल ढवळतो, आणि मासा चोचीला लागला की खट्कन मिटतो, तुम्ही शटर दाबेपर्यंत मासा घशात. म्हणून आधीपासून बोट शटरवर ठेवा. शटर स्पीड १/१६०० सेकंदाच्या खाली नको कारण खाली कयाकही हलतेय, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ऑटो, फोकस कंटिन्युअस म्हणजे हलत्या पक्ष्यामागे सतत राहणारा, कोपरं गुडघ्यांवर टेकवा. पांढरा पक्षी आणि मागे काळपट पाणी असेल तर कॅमेरा फसतो, पिसं जळून जातात म्हणजे नुसती पांढरीफटक येतात, तेव्हा एक्स्पोजर ०.७ ते १ स्टॉप कमी करा. लेन्स ४०० एमएमपर्यंत पुरते, ६०० असेल तर छान पण तासभर हातात धरून बघा आधी घरी. झूमवाला ब्रिज कॅमेराही (लेन्स न बदलता येणारा) चालतो, उगाच कर्ज काढू नका.

पट्टकदंब म्हणजे बार-हेडेड गूज बघायचे तर काठाकडेची गवताळ बाजू धरा, डोक्यावर दोन काळे पट्टे, हिमालय ओलांडून येतात, दिवसा बरेचदा घोळक्याने बसलेले असतात. कवड्या धीवर (काळापांढरा खंड्या) मात्र शोधावा लागत नाही, हवेत एका जागी फडफडत थांबतो आणि दगडासारखा खाली पडतो, फोकस करायची प्रॅक्टिस त्याच्यावरच करा. पाण्यातून पोहत जाणारा साप दिसला तर बहुतेक विरोळा असतो, बिनविषारी, आरडाओरडा करून कयाक पालथी करू नका म्हणजे झालं.

उतरताना कुठेही चिखलात पाय टाकू नका, गुडघ्यापर्यंत जातो आणि चप्पल परत मिळत नाही, जिथून निघालात त्याच कडक काठाला या. कॅमेरा आधी पुसा, मग स्वतः. आणि चिलापी फ्राय खायची असेल तर ऑर्डर सकाळी पाण्यात उतरायच्या आधीच देऊन ठेवा, रविवारी बारानंतर फार थांबावं लागतं.