माध्यमं आणि लिंगभाव: अभ्यासाला बसण्यापूर्वी

या विषयाकडे वळले तेव्हा माझं उत्तर आधीच ठरलेलं होतं. जाहिरातीत बाई स्वयंपाकघरात आणि पुरुष गाडीत, यावर पहिला निबंध लिहून मोकळी झाले. मार्गदर्शक बाईंनी तो परत देताना एवढंच विचारलं, "किती जाहिराती पाहिल्यास?" मला आकडा सांगता आला नाही.

मग 60 जाहिराती घेऊन बसले. कोण दिसतं, काय करतं, बोलतं कोण आणि पार्श्वनिवेदन कुणाच्या आवाजात, असे रकाने आखले. शेवटचा रकाना मी गाळणारच होते, पण महत्त्वाचं तिथंच सापडलं. पडद्यावरची बाई आता ऑफिसात पोचली होती. वस्तू का घ्यावी हे ठामपणे सांगणारा आवाज मात्र बहुतेक वेळा पुरुषाचाच होता. म्हणून प्रत्येक जाहिरात एकदा आवाज बंद करून बघा, एकदा डोळे मिटून ऐका.

हातांकडेही लक्ष द्या. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी 1970च्या दशकात छापील जाहिराती तपासताना टिपलं होतं की पुरुषाचा हात वस्तू घट्ट पकडतो, बाईची बोटं तिला नुसती स्पर्शून जातात. हे एकदा दिसलं की दिसतच राहतं.

सगळ्यात जास्त शिकवलं ते माझ्याच तक्त्यानं. बाळाला भरवणाऱ्या बापापुढे मी 'मदत करतो' लिहिलं होतं, आईपुढे 'सांभाळते'. काम तेच, घास तोच! हे मला स्वतःहून कळलं नाही, त्याच जाहिरातींची वेगळी नोंद करणाऱ्या मैत्रिणीनं दाखवलं. तेव्हा नोंदी एकट्यानं करू नका. दोघांनी स्वतंत्रपणे करा आणि जुळत नाहीत तिथं भांडा.

बातम्यांसाठी, जगभरच्या बातम्यांत स्त्रिया किती आणि पुरुष किती हे मोजणाऱ्या जागतिक माध्यम निरीक्षण प्रकल्पाचे अहवाल वाचा. बातमीत दिसणाऱ्या, बोलणाऱ्या किंवा ज्यांच्याबद्दल लिहिलं जातं अशा माणसांत स्त्रिया 1995 साली 17 टक्के होत्या, 2020 साली 25.

पण मोजणीवरून परिणाम सिद्ध होत नाही. संस्कृती आणि माध्यमांचे अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी 1973 सालीच मांडलं की प्रेक्षक संदेश जसाच्या तसा स्वीकारतोच असं नाही, तो त्याच्याशी वाटाघाट करतो, कधी तो उलटाही वाचतो. त्यामुळे माणसांशी बोलावंच लागतं. "माध्यमांचा तुझ्यावर काय परिणाम झाला?" असं मात्र थेट विचारू नका. "माझ्यावर नाही, पण इतरांवर होतो," हेच ऐकायला मिळतं. मी विचारायचे, "लहानपणी कुणासारखं व्हायचं होतं?" आणि गप्प बसायचे. एका मुलानं बऱ्याच वेळानं सांगितलं की नववीत असताना तो आरशासमोर हसू दाबायचा सराव करायचा, कारण त्याचा आवडता नायक कधी हसत नसे. माझ्या तक्त्यात यासाठी रकानाच नव्हता. त्या संध्याकाळी मी नवी वही काढली.