वायूचं गणित सोडवताना आधी २७३ मिळवा
वायूच्या गणितात सूत्र पाठ असूनही उत्तर चुकतं, ते बहुतेक वेळा तापमानामुळे. २७ अंश सेल्सिअसचा वायू ५४ अंशांपर्यंत तापवला, दाब तोच ठेवला, तर आकारमान दुप्पट होईल का? अजिबात नाही. दोन्ही तापमानांत २७३ मिळवा: ३०० आणि ३२७ केल्विन. आकारमान याच प्रमाणात बदलतं, म्हणजे वाढ जेमतेम ९ टक्के. खरोखर दुप्पट करायचं तर ६०० केल्विन, म्हणजे ३२७ अंश सेल्सिअस गाठावे लागतील!

कारण सेल्सिअसचा शून्य पाण्याच्या गोठणबिंदूवर बेतलेला आहे, वायूला त्याच्याशी देणंघेणं नाही. गुणोत्तर काढायचं तर मोजपट्टी खऱ्या शून्यापासून, म्हणजे उणे २७३ अंश सेल्सिअसपासून सुरू व्हायला हवी, आणि केल्विनची मोजपट्टी तशीच आहे. दाबाचंही तेच. टायरचा गेज वातावरणाच्या वरचा दाब दाखवतो, त्यात वातावरणाचा दाब मिळवल्याशिवाय बॉइलचा नियम (तापमान तेच असेल तर दाब आणि आकारमानाचा गुणाकार तोच राहतो) लावू नका.

नुसता तापमानातला फरक हवा असेल तर मात्र ही उठाठेव नको, १० अंशांचा फरक म्हणजे १० केल्विनचाच. आणि आदर्श वायूच्या समीकरणात (PV = nRT) दाब ॲटमॉस्फिअरमध्ये, आकारमान लिटरमध्ये असेल तर स्थिरांक R ०.०८२१ घ्या, पास्कल आणि घनमीटर असतील तर ८.३१४.