पाजॉन मऊ पडतंय, तुटतंय, आतून चिकट राहतंय? या चुका टाळा

कांद्याच्या पातीचं कोरियन पाजॉन बिघडतं तेव्हा दोष बहुतेकदा एकच असतो: पीठ जास्त, पात कमी. दिसायला ते आपल्या धिरड्याच्या जवळचं, म्हणून हातही तसाच चालतो. पात बारीक चिरून पिठात ढवळायची, पळीने तव्यावर पसरायची आणि कडेने चमचाभर तेल सोडायचं. याने धिरडं छान होतं, पाजॉन होत नाही. पाजॉनमध्ये पात हाच मुख्य पदार्थ आहे. पिठाचं काम ती धरून ठेवण्याचं, तेवढंच.

प्रमाण आणि पीठ

26 सेंटीमीटरच्या पॅनमधल्या एका पाजॉनसाठी निवडलेली पात 130 ते 150 ग्रॅम, मैदा 60 ग्रॅम, कॉर्नफ्लोअर 20 ग्रॅम (साधारण दोन मोठे चमचे), मीठ अर्धा छोटा चमचा आणि बर्फाचं पाणी 130 मिली घ्या. पीठ पळीतून सलग, पातळ धारेने पडलं पाहिजे. गोळा पडत असेल तर एकेक चमचा पाणी वाढवा. पातीवर पिठाचा जाड थर दिसला तर आतला भाग शिजेपर्यंत बाहेरून करपणार, हे नक्की.

कॉर्नफ्लोअर म्हणजे पांढराशुभ्र स्टार्च, पिवळं मक्याचं पीठ नव्हे. स्टार्चमध्ये ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिवटपणा आणणारं प्रथिन, नसतं, त्यामुळे कवच कुरकुरीत होतं. नुसत्या मैद्याचं पाजॉन गरम असताना बरं लागतं, पण पाच मिनिटांत चिवट होतं. कॉर्नफ्लोअर नसेल तर तांदळाचं बारीक पीठ चालेल. बेसन घालू नका, त्याची चव पातीवर मात करते. डाळीचंच हवं असेल तर कोरियात भिजवलेले मूग वाटून करतात ते बिंदेत्तॉक करा. तो वेगळा आणि फार चांगला पदार्थ आहे.

कोरियन दुकानातलं बुछिमगारू, म्हणजे तयार पीठ, वापरत असाल तर वेगळं मीठ घालायचं नाही. त्यात ते आधीच असतं, आणि बहुधा लसूण-कांद्याची पूडही. त्यावर सोया सॉसचं तोंडीलावणं आलं की खारटपणा असह्य होतो.

पीठ घोटणं ही दुसरी मोठी चूक. गुठळ्या मोडेपर्यंत फेटलं की ग्लुटेन तयार होतं आणि पाजॉन रबरासारखं ताणलं जातं. चॉपस्टिक किंवा काट्याने दहा-बारा वेळा फिरवून थांबा. बारीक गुठळ्या राहिल्या तरी चालतं. पाणी बर्फाचं घ्यायचं तेही यासाठीच: थंडीत ग्लुटेन सावकाश बनतं. हे पीठ भिजवून ठेवायचं नसतं. तेल तापत ठेवा आणि मगच कालवा.

पात

कोरियात यासाठी चोकपा नावाची बारीक पात वापरतात. आपल्या बाजारातली पात जाड असते आणि तिला कांदाही असतो. कांदे कापून बाजूला ठेवा. उरलेला पांढरा, जाड भाग उभा चिरून दोन किंवा चार फाका करा, नाहीतर हिरवा भाग जळेल तरी पांढरा कच्चा, उग्र राहील. पात बारीक चिरायची नाही. पॅनमध्ये आडवी मावेल एवढ्या लांबीची ठेवा. बारीक चिरली की जागोजागी कापल्यामुळे पाणी जास्त सुटतं, आणि लांब पातीची जी जाळी पाजॉनला उलटताना सांभाळते ती राहत नाही.

धुतल्यावर पात खरोखर कोरडी करा. निथळणं पुरेसं नाही. पोकळ नळ्यांत पाणी अडकून राहतं. पात उभी धरून झटका, मग सुती कापडावर पसरून पुसा. ओल्या पातीवरून पीठ ओघळतं आणि तेल उडतं. कोरड्या पातीवर चमचाभर मैदा भुरभुरवून घेतलात तर पीठ चांगलं चिकटतं. पीठ आणि पात एकत्र करून ठेवून देऊ नका, मिठामुळे पातीला पाणी सुटतं.

तळताना

सर्वांत जास्त पाजॉनं इथे बिघडतात. डोशाचा सपाट तवा नको, त्यावर तेल टिकत नाही. कड असलेलं नॉनस्टिक किंवा बिडाचं पॅन घ्या आणि तीन मोठे चमचे तेल घाला. शेंगदाण्याचं रिफाइंड किंवा सूर्यफुलाचं चालेल. कमी तेलात पीठ पॅनला टेकून भाजलं जातं, तळलं जात नाही. कडा मऊ आणि मध्ये पांढुरके डाग दिसले तर तेल कमी पडलं असं समजा.

पिठाचा थेंब टाकल्याबरोबर बुडबुडे येऊन तो फुलला की तेल तयार. थेंब तळाशी स्वस्थ बसला तर थांबा, कारण कोमट तेलात पीठ तेल पिऊन बसतं. आता पात पिठात घोळवून पॅनमध्ये एका थरात लावा. निम्म्या काड्यांचे पांढरे भाग डावीकडे, निम्म्यांचे उजवीकडे. उरलेलं पीठ फटींमधून सोडा, सगळं संपवायचा आग्रह नको. आच मध्यमपेक्षा थोडी जास्त ठेवा.

झाकण ठेवू नका. वाफ कोंडली की कुरकुरीतपणा गेलाच. पहिली तीन-चार मिनिटं उलथनं लावायचं नाही. कडा सोनेरी झाल्यावर पॅन हलवा. पाजॉन अखंड सरकलं तर उलटायला तयार आहे; अडकलं तर अजून एक मिनिट. उलटताना तुटतं ते बहुतेक वेळा घाईमुळेच. हात बसलेला नसेल तर ताटलीवर सरकवून घ्या, त्यावर दुसरी ताटली पालथी ठेवून उलटा आणि पुन्हा पॅनमध्ये सोडा. दुसऱ्या बाजूला कडेने एक चमचा तेल घाला, पॅन फिरवून ते खाली जाऊ द्या, आणि आता मात्र उलथन्याने दाबा. तीन मिनिटांनी परत उलटून पहिली बाजू आणखी एक मिनिट होऊ द्या.

कोळंबी, माकूल (स्क्विड) आणि अंडं

समुद्री जिन्नस घालून करतात ते हेमुल पाजॉन. वर दिलेल्या मापाला 70-80 ग्रॅम पुरे. फ्रीझरमधली कोळंबी पूर्ण वितळवून, दाबून कोरडी करून, सेंटीमीटरभराचे तुकडे करा. अख्खी मोठी कोळंबी घातली तर ती पाजॉनला पॅनपासून उचलून धरते आणि भोवतालचं पीठ कच्चं राहतं.

अंडं पिठात फेटलं की पाजॉन मऊ होतं. ते वेगळं फेटून, पहिली बाजू अर्धी झाल्यावर वरून ओता आणि मग उलटा. बुसानच्या तोंगने भागातलं पाजॉन याच पद्धतीचं: तांदळाचं पीठ, भरपूर समुद्री जिन्नस, वरून अंडं, आणि ते मुद्दाम झाकून मऊ, ओलसर ठेवतात. सोबत गोचुजांग (आंबवलेल्या मिरचीची कोरियन पेस्ट) आणि व्हिनेगरचं आंबट-तिखट सॉस. तुम्ही तोंगनेची कृती वापरली असेल तर मऊपणा हा दोष नाही, ती त्याची जात आहे.

ताटात

गरम पाजॉन थेट ताटात ठेवलं की खालून वाफ धरते. आधी दोन मिनिटं जाळीवर ठेवा, एकावर एक रचू नका. सॉससाठी साधा सोया सॉस दोन चमचे, व्हिनेगर एक चमचा, पाणी एक चमचा, साखर अर्धा छोटा चमचा, भाजलेले तीळ. गडद सोया सॉस इथे जड होतो. तिखटासाठी गोचुगारू, म्हणजे कोरियन भरड लाल मिरची; ती नसेल तर बिया काढलेली ब्याडगी मिरची भरड कुटून घाला. तिळाच्या तेलाचे दोन थेंब घालायचे असतील तर ते भाजलेल्या तिळांचं हवं. आपल्याकडच्या फिकट तिळतेलाला तो वास नसतो.

उरलेलं पाजॉन मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका. कोरड्या पॅनमध्ये मंद आचेवर दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिनिटं ठेवा; आत मुरलेलं तेल सुटून कडा पुन्हा कुरकुरीत होतात.