बरोक संगीताचं सप्रयोग व्याख्यान कसं बसवावं

बरोक म्हणजे साधारण १६०० ते १७५० या काळातलं युरोपीय संगीत. ते वाजवत-बोलत समजावण्याच्या कार्यक्रमात दोन गोष्टी हमखास बिघडतात: बोलणं लांबतं आणि रचना तुकड्यांतच ऐकायला मिळते. स्वित्झर्लंडमधल्या ट्रोगनच्या चर्चमध्ये सांक्ट गालेनचं बाख प्रतिष्ठान बरोक संगीतकार बाखचा एक कंटाटा (गायक आणि वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची रचना) पूर्ण सादर करतं, मग एका वक्त्याचं भाषण होतं आणि तोच कंटाटा पुन्हा सादर होतो. छोट्या सभागृहासाठीही हाच आराखडा घ्या.

१. रचना एकच निवडा. इटालियन संगीतकार आर्कांजेलो कोरेल्लीच्या, रोममध्ये १७०० साली छापलेल्या ओपस ५ (पाचवा प्रकाशित संग्रह) मधली बारावी सोनाटा (वाद्यांसाठीची रचना), ‘ला फोलिया’, यासाठी उत्तम. तिच्यात एकच विषय वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा येतो. तिला साधारण ११ मिनिटं लागतात. व्हायोलिन, चेलो (खालच्या स्वरांचं, व्हायोलिनच्या घराण्यातलं मोठं वाद्य) आणि हार्पसिकॉर्ड (पियानोसारख्या पट्ट्यांचं, पण तारा छेडणारं वाद्य) पुरे. दोनदा वाजवून मध्ये अर्धा तास बोललात तरी कार्यक्रम तासाभरात बसतो.

२. वाद्यं किमान तीन तास आधी मंचावर आणा आणि दिवे, एसी तेव्हापासूनच चालू ठेवा. दमट हवेत हार्पसिकॉर्डचा साउंडबोर्ड (तारांखालची, आवाज घुमवणारी लाकडी फळी) फुगतो आणि सूर चढतो. एसीने हवा कोरडी झाली की उतरतो. पावसाळ्यात मुंबई-गोव्याकडे हे फार जाणवतं. सूर लावण्यासाठी पाऊण तास पूर्ण शांतता राखा. बरोक काळच्या बनावटीची वाद्यं असतील तर ‘ए’ हा स्वर ४१५ हर्ट्‌झला लावतात, म्हणजे आजच्या ४४० पेक्षा अर्धा स्वर खाली. व्हायोलिन आजच्या बनावटीचं असेल तर ४४० वरच राहा. ऐनवेळी उतरवलेल्या तारा स्थिर राहत नाहीत. हार्पसिकॉर्ड मिळालं नाही तर त्याचा आवाज देणारा डिजिटल कीबोर्ड चालेल, पण त्याचा आवाज चेलोला झाकणार नाही इतका कमी ठेवा. माइक फक्त वक्त्याला.

३. पहिलं वादन एकही शब्द न बोलता सुरू करा. रचनेचं नाव पत्रिकेत आहेच, आणि कोरेल्लीचं चरित्रही तिथेच शोभतं.

४. आता रचना उलगडा, खालून वर. कार्यक्रमाचा जीव इथे आहे, म्हणून घाई नको. चेलोने एकट्याने बेसची, म्हणजे सर्वांत खालची, ओळ १६ बार वाजवावी (बार म्हणजे लिपीतला तालाचा एक ठरावीक खंड). ‘डी’ या स्वराला सा मानलं तर पहिले आठ बार असे: सा, प, सा, नि, ग, नि, सा, प (ग आणि नि कोमल). पुढचे आठ जवळपास तेच, फक्त शेवट सा वर. श्रोत्यांकडून हे म्हणवून घ्या. तबलावादनातल्या लेहऱ्यासारखा हा पाया फिरत राहतो. फरक एवढाच की कोरेल्ली पुढे पायालाही सजवतो.

मग हार्पसिकॉर्ड. वादकासमोर उजव्या हाताचे स्वर लिहिलेले नसतात, बेसच्या ओळीला फक्त आकडे आणि चिन्हं असतात. दुसऱ्या बारमधल्या ‘ए’वर (वरच्या ओळीतला प) शार्पचं चिन्ह येतं, म्हणजे त्यावरचा ‘सी’ अर्धा स्वर चढवायचा. आधी चिन्ह न पाळता, मग पाळून वाजवायला सांगा. पुन्हा ‘डी’कडे ओढणारा ताण कुठून येतो ते कानालाच कळतं.

शेवटी व्हायोलिन: मूळ विषय, मग चारच निवडक रूपं. त्यातली दोन अशी घ्या, जिथे धावते स्वर व्हायोलिनकडून चेलोकडे जातात, आणि एक संथ.

५. वक्त्याच्या कागदावर प्रत्येक वाक्यापुढे बार क्रमांक लिहा आणि वादकांना त्याची प्रत द्या. सलग चार मिनिटांपेक्षा जास्त बोलू नका. वादकांची बोटं गार पडतात आणि तारा सरकतात. तालीम बोलण्यासकट, घड्याळ लावून करा. दुसऱ्या वादनाआधी दोन मिनिटं सूर जुळवायला राखून ठेवा. हीच दोन मिनिटं बहुतेक आयोजक विसरतात आणि व्हायोलिन बेसूर लागतं.

६. दुसरं वादन झाल्यावरच प्रश्न घ्या. वादकांना वाद्यांसह मंचावर थांबवा आणि उत्तरं शक्यतो वाजवूनच द्या. हार्पसिकॉर्डची पट्टी हळू आणि जोरात दाबून दाखवा: तार छेडली जात असल्याने आवाज जवळजवळ तेवढाच राहतो.