एकटीने फूड पेज चालवताना: रविवार, नारळ आणि कालनिर्णय

नोकरी सांभाळून मराठी पदार्थांच्या रील्स करते. शूट, एडिट, आवाज, नंतरची भांडी, सगळं मीच. सुरुवातीला रोज टाकायचे आणि महिन्याभरातच दमले, कारण रात्री घरी येऊन उद्या काय टाकायचं ह्या विचारातच अकरा वाजायचे आणि मग ट्यूबलाइटच्या उजेडात आमटी अगदीच आजारी दिसायची.

आता आठवड्याला तीनच, आणि प्लॅनिंग भिंतीवरच्या कालनिर्णयवर. पहिल्या वर्षी मी उकडीच्या मोदकांचं शूट चतुर्थीच्याच सकाळी ठेवलं होतं (हसू नका). सासूबाईंची नैवेद्याची घाई आणि मी ओट्यासमोर ट्रायपॉड लावून उभी! रील टाकली रात्री, तोवर सगळ्यांचे मोदक खाऊनही झालेले. रेसिपी लोक सणाच्या आधी शोधतात हो. म्हणून आता उलटं मोजते: सणाच्या आठ-दहा दिवस आधी पोस्ट, त्याच्या आधीच्या रविवारी शूट आणि त्याच्याही आधी सामान.

मागच्या वर्षीच्या तारखा मात्र तशाच उतरवू नका. २०२५ ला गणपती २७ ऑगस्टला आले, २०२६ ला मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून, त्यामुळे गणपती थेट १४ सप्टेंबरला. आणि अधिक महिना म्हणजे जावयाला अनारसे, असा विषय साधारण तीन वर्षांनी येतो, सोडायचा नाही. फक्त तांदूळ तीन दिवस रोज पाणी बदलत भिजवायचे, मग गुळात मळून पीठ चार-पाच दिवस मुरवायचं, म्हणजे रविवारी तळायचे तर आदल्या आठवड्याच्या शनिवारीच तांदूळ भिजत पडायला हवेत. तेच शूट दिवाळीत नवीन आवाज देऊन परत चालतं.

रविवारी दहा ते एक खिडकीतून छान उजेड येतो, तेवढ्यात उरकते. पदार्थ असे निवडते की तयारी एकच, म्हणजे दोन नारळ फोडले की सोलकढी, ओल्या नारळाच्या करंज्या आणि चटणी, तीन रील्स झाल्या. माझे फक्त हातच दिसतात, त्यामुळे मधे बांगड्या बदलल्या की वेगळा दिवस वाटतो 😄 आवाज सोमवारी रात्री तिन्हींचा एकदम, कपाटापाशी बसून, कपड्यांमुळे घुमत नाही. मग मेटा बिझनेस सूटमध्ये (इन्स्टाग्राम-फेसबुकच्या पोस्ट आधीच लावून ठेवायचं टूल) शेड्यूल करून ठेवते, फुकट आहे, आणि तीच फाइल दोन दिवसांनी यूट्यूब शॉर्ट्सला.

एक चूक माझ्याकडून झाली ती सांगते. फोन स्लो झाला म्हणून इन्स्टाग्रामचं अ‍ॅप काढून परत टाकलं आणि आतले सगळे ड्राफ्ट गेले, ते फोनवरच असतात हे माहीतच नव्हतं. त्यात खरवसाची रील होती. चीक परत मिळेपर्यंत चार महिने गेले.