पद्मिनी ॲव्हरेज देत नाही? कार्बोरेटरला हात शेवटी लावा

प्रीमियर पद्मिनी जास्त पेट्रोल प्यायला लागली की पहिला स्क्रू ड्रायव्हर फिरतो तो हवा आणि पेट्रोलचं मिश्रण करणाऱ्या कार्बोरेटरवर. मीही तेच केलं. लहान जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक तोटी) बसवून घेतला, तर गाडी चढाला दम टाकू लागली, कार्बोरेटरमधून फटफट सुरू झाली, इंजिन तापायचं ते वेगळंच. ॲव्हरेज होतं तिथेच. मिश्रण असं पातळ, म्हणजे पेट्रोल कमी, ठेवलं तर व्हॉल्व्ह जळतात, हे नंतर कळलं.

दोष निघाला ब्रेकमध्ये. वीसेक किलोमीटर चालवून, शेवटी ब्रेक फारसा न दाबता थांबलो आणि चाकांजवळ हात नेला. तीन कोमट, पुढचं डावं चटका बसेल इतकं गरम. जॅक लावला, चाक हातानं फिरेना. ब्लीडरची निपल (चाकाजवळची ब्रेकमधली हवा काढायची तोटी) जराशी सैल केली, ब्रेक ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक सुटलं. म्हणजे ब्रेक शू नाही, चाकाचा सिलिंडर नाही; ब्रेक ऑइलचा रबरी होज (पाइप) आतून फुगलेला. दाब चाकापर्यंत जातो, परत येत नाही. किती दिवस ब्रेक लावूनच गाडी हाकत होतो कोण जाणे!

दुसरा दोष चोकचा, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना हवा कमी करून पेट्रोल वाढवणाऱ्या झडपेचा. डॅशबोर्डवरचं बटण पूर्ण आत गेलेलं दिसतं, पण केबल गंजली असेल तर कार्बोरेटरवरचा लिव्हर अर्ध्यातच अडकतो. बॉनेट उघडून डोळ्यांनी बघा. स्पार्क प्लग काजळीनं काळे असतील तर आधी हेच.

सीबी पॉइंटची (ठिणगीसाठी करंट तोडणारा कॉन्टॅक्ट ब्रेकर) टाच झिजली की पॉइंटमधली गॅप कमी होते आणि टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे पडतं. गाडी मरगळते, आपण ॲक्सिलरेटर आणखी दाबतो. फिलर गेजनं (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) आधी गॅप, मगच टायमिंग. उलटं केलंत तर टायमिंग पुन्हा लावावं लागेल.

‘गाडी तापते’ म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप) काढून फेकण्याची खोड आपल्याकडे फार. इंजिन थंडच राहतं आणि पेट्रोल खातं. तापत असेल तर रेडिएटर साफ करा.

घाट न्यूट्रलवर उतरू नका. इंजिन तेव्हाही पेट्रोल पितंच, आणि ड्रम ब्रेक तापून फसवतात.

ॲव्हरेज पेट्रोलच्या काट्यावरून काढू नका. टाकी फुल ते टाकी फुल, त्याच पंपावर. थोडी घट इ-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचीही धरा: लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. जुने रबरी पाइप त्यानं मऊ पडतात, तेवढे बदलून घ्या.

एवढं करूनही गाडी बंद केल्यावर पेट्रोलचा वास येत असेल, तर आता कार्बोरेटर उघडा आणि फ्लोटची नीडल (कार्बोरेटरमध्ये येणारं पेट्रोल वेळेवर बंद करणारी सुई) बघा. जेट मात्र कंपनीनं दिलेल्या नंबरचाच ठेवा.